समोर बसलेलं वानर

खाणीत सुरुंग उडायच्या आधी एक लांब भोंगा वाजायचा, आणि तो वाजला की आई हातातलं काम टाकून मांडणीवरच्या ताटांच्या चळतीवर तळहात ठेवून उभी राहायची. मग जमीन एकदा हलकेच उचलल्यासारखी व्हायची, खिडकीचं तावदान थरथरायचं, आणि आईच्या हाताखाली ताटं गप्प राहायची. कोणी पाहुणा असला तर तो दचकून उठायचा. आम्ही कोणी मानही वर करत नसू. गडचांदूरच्या कामगार वसाहतीत आमचं सगळंच असं भोंग्यावर चालायचं. पहिल्या पाळीच्या भोंग्याला चूल, दुसऱ्या पाळीच्या भोंग्याला बाबांचं जेवण, आणि वारा सिमेंट कारखान्याच्या चिमणीकडून आमच्याकडे फिरला की भोंग्याची वाट न पाहता आई धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढायची. ओल्या कपड्यावर ती बारीक राखाडी भुकटी बसली की कडक व्हायची. बाबा कारखान्याच्या पॅकिंगमध्ये होते. घरी आले की आधी अंगणातल्या नळाखाली बसायचे, तोवर त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं, ते रोज म्हातारे होऊन येतात आणि नळाखाली तरुण होतात.

हे मी आत्ता लिहितोय ते पुण्यातल्या एका सहाव्या मजल्यावर बसून. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत मी काम करतो, आणि माझं काम म्हणजे शत्रू. खेळणाऱ्यावर चालून येणारा शत्रू कधी येईल, कुठून येईल, किती येतील, कधी माघार घेतील, हे मी ठरवतो. हाताखालची पोरं मला मान देतात. त्यातल्या एकीनं मागे विचारलं, "सर, तुमचे शत्रू इतके खरे कसे वाटतात?" मी म्हणालो, सवयीनं. खरं उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली, आणि ते तिच्याआधी दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं होतं.

बसस्टँडजवळच्या एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर ढवळे सरांचा संगणक वर्ग होता. जिना चढताना खालच्या औषधांचा वास नाकात बसायचा तो घरी जाईपर्यंत जात नसे. पाच संगणक होते, त्यातले चार चालायचे. सर टायपिंग शिकवायचे, पत्र लिहायला शिकवायचे, आणि तास संपला की तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी चोळत म्हणायचे, "आता काय खेळाचं ते खेळा, पण बटनं तोडू नोका." कोणीतरी चंद्रपूरहून एका लढाईच्या खेळाची सीडी आणली होती. गाव वसवायचं, लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, शिपाई तयार करायचे आणि शत्रूचे हल्ले परतवायचे, असा तो खेळ. त्या खेळाच्या पोटात आणखी एक गोष्ट दडली होती, ती सरांनीच शोधली. आपला स्वतःचा नकाशा बनवायची सोय. डोंगर, नदी, जंगल आपण ठेवायचं, आणि शत्रू कसा वागेल तेही आपणच लिहायचं. लिहायचं म्हणजे एक अट आणि एक कृती. अट, दहा मिनिटं झाली. कृती, उत्तरेच्या दारातून वीस शिपाई निघाले. अशा अटी-कृतींच्या जोड्या एकाखाली एक रचत गेलं की शत्रूच्या लाटा तयार होतात. प्रत्येक जोडीला आपण नाव द्यायचं, आणि प्रत्येकीपुढे एक छोटा चौकोन असे. त्यात बरोबरची खूण असली की ती जोडी जागी, नसली की झोपलेली.

मी पहिला शिकलो. सरांनी माझा नकाशा सगळ्यांना दाखवला. मधे किल्ला, तीन दरवाजे, दर सात मिनिटांनी एका दरवाज्यातून हल्ला, प्रत्येक हल्ला आधीच्यापेक्षा दहा शिपायांनी मोठा. मला तो फार सुंदर वाटायचा. सरांनी वर्गाची किल्ली माझ्याकडे द्यायला सुरुवात केली ती तेव्हापासून. सकाळी उघडायचं, झाडायचं, मशीन पुसायची. मी अकरावीत होतो आणि माझ्या खिशात कशाची तरी किल्ली होती. ज्याच्या खिशात कधी किल्ली आली नाही त्याला हे सांगून कळायचं नाही.

सोमा आला तो पावसाळ्यानंतर. सोमा कुमरे, माझ्याच वर्गातला, सरकारी वसतिगृहात राहणारा. त्याचं गाव जिवतीकडच्या डोंगरावर, दहा-बारा घरांचं. काळा, उंच, हसला की आधी मान खाली घालणारा. तो पहिल्या दिवशी माझ्या मागे उभा राहून माझा नकाशा पाहत होता. तीन हल्ले पाहिले. मग म्हणाला, "प्रफुल, हे दरखेपी दारातूनच काऊन येतेत बे?"

"मंग काय भितीतून येतीन?"

"नाई, पण त्याईले दिसत नाई का, तू दारातच उभा आहे म्हणून?"

मी त्याला म्हणालो, तू करून दाखव. हे वाक्य मी तोंडातून काढलं नसतं तर, असं पुढे कित्येकदा मनात आलं. तीन आठवड्यांत त्यानं करून दाखवलं.

त्याचा नकाशा म्हणजे एक साधं शेत होतं. नाला, थोडं जंगल, एक झोपडी. खेळणारा बसला की पहिली काही मिनिटं काहीच व्हायचं नाही. मग समोरच्या टेकडीवर शत्रूचा एकच शिपाई येऊन उभा राहायचा. नुसता उभा. आपण त्याच्याकडे चार माणसं पाठवली की तो थोडा मागे सरायचा, पुन्हा उभा. आणि तेवढ्यात मागच्या नाल्यातून बाकीचे शेतात शिरलेले असायचे. त्यांच्यावर धावून गेलं की ते लढायचे नाहीत, पांगायचे, आणि आपली माणसं कामाला लागली की परत यायचे, पण वेगळ्या बाजूनं. माझे शत्रू घड्याळ पाहायचे. त्याचे शत्रू आपल्याकडे पाहायचे. त्यानं अटीच तशा लिहिल्या होत्या, नाल्याजवळ खेळणाऱ्याची तीनपेक्षा कमी माणसं असतील तरच निघा, पाचातले दोन मेले तर परत फिरा. सगळं त्याच साधनांनी, जी मी त्याच्या आधी चार महिने हाताळत होतो.

"हे तुले कसं सुचलं?" सरांनी विचारलं.

सोमानं मान खाली घातली. "सुचलं नाई जी. वानरं असेच येतेत. एक म्हातारं समोर बसते, आपल्याले दिसावं म्हणून. आपुन त्याच्याकडे गोफण फिरवत राह्यतो, अन् बाकीचे मांगून हरभरा साफ करतेत."

सगळे हसले. मीही हसलो. मग मी माझा नकाशा बंद केला. 

रविवारी वसतिगृहाची खानावळ एकच वेळ चालायची म्हणून मीच त्याला घरी घेऊन यायचो. ती ओळख माझी, ते घर माझं, पण दोन-तीन रविवारांत आई त्याची वाट पाहू लागली. आमच्याकडे रविवारी गोळाभात असे. डाळीचे गोळे भातात वाफवलेले, वर लसणाचं गरम तेल. गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला लागलेला खरपूस भात हा माझा हक्क होता, लहानपणापासूनचा. एका रविवारी आईनं तो खरवडून सोमाच्या ताटात घातला. "त्याले डोंगरावर कुठी भेटते असा," ती म्हणाली. सोमानं त्यातला अर्धा उचलून माझ्या ताटात ठेवला. मी तो खाल्ला नाही, कुत्र्याला टाकला. असल्या गोष्टी माणूस लिहीत नाही. पण मत्सर मोठ्या गोष्टींनी नाही वाढला माझा, असल्यांनीच वाढला.

आणि बाबा. बाबा कधी वर्गात आले नव्हते. एका रविवारी सोमानं त्यांना आग्रह केला, "चाला ना काका, पाहा तरी." ते आले. आधी मी माझा नकाशा लावला. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले, गुडघ्यावर हात ठेवून, दवाखान्यात बसल्यासारखे. दोन हल्ले पाहिले आणि म्हणाले, "हे तं आपल्या भोंग्यावानी आहे. वाजला का निंघा." त्यांनी ते वाईट म्हणून म्हटलं नव्हतं. भोंग्यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं, कदाचित त्यांना ते ओळखीचं वाटलं असेल. मग सोमाचा नकाशा लागला. टेकडीवर एक शिपाई येऊन उभा राहिला. बाबा पुढे वाकले. "हा काय करून राह्यला इथी?" मागून नाल्यातून बाकीचे शिरले आणि बाबा हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून, दात दिसेपर्यंत. "इचिबैन, ठगोलं ना आपल्याले!" मी माझ्या बाबांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांना हसवणारा मी नव्हतो.

थंडीत सोमा मला त्याच्या गावी घेऊन गेला. बसनं अर्धा रस्ता, पुढे पायी. त्याच्या आईनं जवारीची भाकर आणि सोल्याची भाजी केली, ओल्या तुरीच्या दाण्यांची, वरून तिखट तेल. इतकी साधी भाजी इतकी चवीची कशी लागते हे कोडं मला आजही पुण्याच्या बाजारात तुरीच्या शेंगा दिसल्या की पडतं. दुपारी आम्ही शेतातल्या मचाणावर बसलो आणि मी ते म्हातारं वानर पाहिलं. मोहाच्या फांदीवर, आमच्या अगदी समोर, शेपटी खाली सोडून, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखं. मी त्याच्याकडे पाहत राहिलो आणि सोमा माझ्याकडे पाहून हसत होता. मागे हरभऱ्यात टोळी शिरली होती.

शेताच्या पलीकडे झाडांची एक दाट राई होती. तिच्यात कोणी कुऱ्हाड नेत नसे. त्यांच्या देवाची, पेनाची, जागा होती ती, घरातली गेलेली माणसंही तिथेच जाऊन राहतात म्हणे, आणि आत काय आहे ते मी विचारलं नाही. सोमाला ती राई त्याच्या नकाशात ठेवायची होती. ते त्याच्या मनात किती दिवस होतं कोणास ठाऊक, पण आज्याला विचारल्याशिवाय ठेवायची नव्हती. आजा अंगणात दोर वळत बसला होता. तो बहिरा होता. त्याच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, आणि तरी एकदा सांगून भागत नसे. सोमानं गोंडीत दोनदा ओरडून सांगितलं. संगणक म्हणजे काय हे सांगायला त्याला हातांनी चौकोन काढावा लागला. आजा बराच वेळ दोरच वळत राहिला. मग काहीतरी बोलला, आणि माझ्याकडेही एकदा बोट केलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"ठेव म्हणते. पण तिथं कोणाले मारू नोको म्हणते. खोट्याचं असलं तरी. तिथं शिरला त्याले कोणी हात लावत नाई. मी शब्द देल्ला." मग हसून म्हणाला, "तू साक्षीदार आहे म्हणते."

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मला हे नीट कळलं नव्हतं, गोंडी बोलणं होतं, मी परका होतो. ते खोटं आहे. मला सगळं कळलं होतं. मी साक्षीदार होतो.

राई नकाशात आली. शत्रूच्या लाटा तिला वळसा घालून जायच्या. खेळणाऱ्याचा जखमी माणूस तिच्यात शिरला की पाठलाग करणारे थांबायचे आणि मागे फिरायचे. वर्गातली पोरं जीव वाचवायला राईकडे धावायची आणि आत पोचली की टाळ्या वाजवायची. नकाशाला त्यामुळे असं काही आलं होतं जे मला शब्दांत सांगता येत नव्हतं, आणि आज हाच धंदा करूनही नीट सांगता येत नाही. भीती सगळ्यांना दाखवता येते. त्यानं आसराही दाखवला होता.

आणि त्याच सुमाराला ढवळे सरांनी सांगितलं की त्यांचे साळे नागपूरहून रविवारी येणार आहेत. त्यांनी तिथे संगणकावरची चित्रं आणि खेळ शिकवणारी शाळा काढली होती. एका मुलाला दोन वर्षं शिकवायचं, राहायची-जेवायची सोय तिथेच, आणि तो मुलगा सरांच्या वर्गातून घ्यायचा. एकच जागा. सर म्हणाले, "दोघाईचे नकाशे दाखवू. मंग त्याईचं त्याईले ठरवू द्या." पण बोलताना ते सोमाकडे पाहत होते.

शनिवारी सर राजुऱ्याला गेले होते. दुपारी मी वर्ग उघडला. आत मी एकटा. सोमाचा नकाशा उघडला तो, शपथेवर सांगतो, आधी शिकायला म्हणूनच उघडला. त्याच्या जोड्यांची यादी समोर आली. इंग्रजी अक्षरांत त्यानं मराठी नावं लिहिली होती. वानर समोर बसलं. नाल्यातून चला. पोट भरलं, परत. वाचताना मला हसू येत होतं, आणि हसता हसता डोळे भरून येत होते, कारण मला हे कधीच सुचणार नव्हतं. यादीच्या शेवटी एक नाव होतं. आज्याचा शब्द. राईत शिरलेल्याला हात लावू नका, ही ती जोडी. तिच्यापुढच्या चौकोनात खूण होती.

मी ती काढली. एवढंच केलं. एक बटण दाबलं, नकाशा जतन केला. त्याच वेळी खाणीचा लांब भोंगा वाजला, आणि माझा तळहात आपोआप मॉनिटरवर गेला. सुरुंग उडाला. खाली कृषी केंद्रात बाटल्या किणकिणल्या. माझ्या हाताखाली मॉनिटर गप्प राहिला.

मला काय वाटलं होतं? की नकाशात खोट निघेल, पाहुणे नाक मुरडतील, माझा नीटनेटका किल्ला त्यापुढे उठून दिसेल. मला तर माणसंही वाचता येत नव्हती. रविवारी पाहुण्यांनी आधी माझा नकाशा पाहिला, "छान, मेहनत आहे," म्हणाले. मग सोमाचा लावला. टेकडीवर शिपाई आला. पाहुणे फसले, हसले, पुन्हा फसले, खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांची दोन माणसं जखमी झाली. मागून पोरं ओरडली, "राईत जा, राईत!" त्यांनी दोघांना राईत नेलं. पाठलाग करणारे राईच्या कडेला आले आणि थांबले नाहीत. आत शिरले. दोघांना मारलं. मागून शत्रूची दगड फेकणारी गाडी आली आणि तिनं झाडं पाडायला सुरुवात केली, कारण वाटेत जे येईल ते पाडायचं हे तिच्या स्वभावातच होतं, आणि तिला अडवणारा शब्द झोपला होता.

"अरे वा," पाहुणे म्हणाले, "इथेसुद्धा सोडत नाहीत. जबरदस्त!" त्यांना ते आवडलं होतं. त्यांना वाटलं, शेवटचा आसराही काढून घेणं हीच त्याची हुशारी. सरांकडे वळून त्यांनी मान डोलावली. जागा सोमाची झाली होती. मी काढलेल्या त्या खुणेनं त्याचं काहीही बिघडवलं नव्हतं.

सोमा उभा होता. पडद्यावर एकेक झाड पडत होतं आणि तो मोजत असल्यासारखा पाहत होता. त्याचा चेहरा राखाडी झाला होता, बाबांचा नळाखाली बसायच्या आधी असतो तसा.

"सर, बंद करा," तो म्हणाला.

"काऊन रे? पाहुण्याईले आवडलं आहे."

"बंद करा जी. माह्या हातून राहून गेलं. मी शब्द देल्ला होता."

पाहुण्यांना ते समजावून सांगण्यात आलं. ते भले गृहस्थ होते, हसून म्हणाले, "अरे बाबू, एक खूण राहिली असेल. मारली की झालं."

"खुणीचं नाई जी," सोमा म्हणाला. चपला घालून जिना उतरून गेला. मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. सगळ्यांना दिसेन असा.

सर वसतिगृहात दोनदा जाऊन आले. सोमा गावी गेला होता. आठ-दहा दिवसांनी तो आमच्या घरी आला, आईचा डबा परत द्यायला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात तुरीच्या शेंगा भरून आणल्या होत्या. आई आत चहा ठेवायला गेली. आम्ही अंगणात नळाजवळ उभे होतो.

"आज्याले सांगतलं," तो म्हणाला. "दोनदा सांगा लागलं. आयकून चूप बसला."

"मंग?"

"मंग काई नाई. ज्याले आपला देल्ला शब्द आठवत नाई, त्यानं असं काई बनवूच नाई गड्या. मी नाई जात नागपूरले." त्यानं टपकणारा नळ घट्ट केला. मग मान वर केली. "प्रफुल, शनिवारी वर्ग तुनं उघडला होता ना? तू पाह्यलं होतं का रे, ते चालू होतं का बंद? मले वाटते मी चालू ठेवलं होतं. लय आठवून पाह्यलं मी."

तो मला दोष देत नव्हता. त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो माझ्याकडे आला होता ते साक्षीदार म्हणून.

"नाई बे," मी म्हणालो. "मी नाई पाह्यलं."

खूण काढली ती मत्सरानं, एका क्षणात. हे दुसरं मी शांतपणे, विचार करून बोललो. आईनं चहा आणला, त्यानं तो बशीत ओतून प्यायला आणि गेला. रात्री त्या शेंगांची भाजी झाली. मी दोनदा वाढून घेतली.

नागपूरला मी गेलो. निघायच्या दिवशी बाबांनी डबा फडक्यात बांधता बांधता विचारलं, "त्या पोट्ट्याचं काय झालं? तो जाणार होता ना?" मी म्हणालो, त्यानं सोडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली. पुढे ते कधी माझ्या खेळांबद्दल काही बोलले नाहीत. मीही दाखवले नाहीत. आता ते नाहीत. आणि माझे शत्रू ज्या गोष्टीसाठी नावाजले जातात, तो समोर येऊन नुसता उभा राहणारा एकटा, तो माझा नाही. मी केलेल्या प्रत्येक खेळात तो आहे.

गेल्या हिवाळ्यात आईला पुण्याला आणायला गेलो तेव्हा एक दिवस काढून डोंगर चढलो. आता गावापर्यंत डांबर आहे. सोमा शेतात होता, कानाला मफलर, मिश्यांत पांढरं. मला पाहून त्यानं आधी मान खाली घातली, मग हसला. "अबे, लठ्ठ झाला तू तं." आम्ही मचाणावर बसलो. पोरं शिकतात, कापसाला भाव नाही, हरभरा बरा आहे, असं सगळं बोलून झालं. समोर मोहाच्या फांदीवर एक वानर येऊन बसलं. ते पाहिलं आणि मला पुढचं वाक्य लांबणीवर टाकता येईना.

"सोमा, ती खूण मी काढली होती. शनिवारी. आज्याच्या शब्दाची."

त्यानं गोफण हातात घेतली होती, ती तशीच राहिली. मागे हरभऱ्यात सळसळ झाली, तरी तो वळला नाही. मी शिव्यांची वाट पाहत होतो. मला त्या हव्या होत्या.

"म्हंजे मी विसरलो नवतो," तो म्हणाला.

"नाई."

"मी चालू ठेवलं होतं."

"हो."

तो गोफण गुंडाळत बसला. मी तिथे आहे हे विसरल्यासारखा. मग खाली उतरला. "मले काऊन सांगून राह्यला आता? मले तं सांगून झालं. ज्याले सांगा लागत होतं तो गेला. तू नागपुरातच होता तवा. मरतवरी त्याले वाटत होतं का नातवाले शब्द राखता येत नाई म्हणून." पुढे चालत राहिला. "चाल."

राईच्या कडेला त्यानं चपला काढल्या. मीही काढल्या. मी पाऊल उचललं तसा त्यानं हात आडवा केला. "आत नोको. इथूनच सांग."

झाडांत काही हलत नव्हतं. मी माझं नाव सांगितलं, आणि काय केलं ते सांगितलं. खूण मी काढली. अंगणात विचारलं तेव्हा खोटं बोललो. जागा घेतली. आवाज मला स्वतःलाच जेमतेम ऐकू येत होता.

सोमा बाजूला उभा होता, माझ्याकडे न पाहता. "मोठ्यानं," तो म्हणाला. "आजा बहिरा होता."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, ओरडून.